फाटकाबाहेरचा शरद

गल्लीच्या तोंडाशी बांबू येऊन पडले आहेत. कलकत्त्याच्या बेहाला भागात सप्टेंबरात दरवर्षी हे होतं. एक ठेला येतो, बांबू धडाधड ओतले जातात आणि पुढचे पंधरा-वीस दिवस माणसं त्यांवर चढून, सुतळीच्या गाठी मारत पूजोचा, म्हणजे दुर्गापूजेचा, मांडव उभा करत राहतात. सकाळी मी दूध आणायला बाहेर पडते तेव्हा समोरच्या कुंपणाशी प्राजक्ताचा सडा पडलेला असतो. इथे त्याला शिउली म्हणतात. शेजारची मंडळी थांबून म्हणतात, पूजोचा वास आला बघा. मलाही येतो. पण पुढे काही होत नाही. आनंद होत नाही, वाईटही वाटत नाही. नस मारलेल्या दातावरून जीभ फिरावी तसं काहीसं. दुखत नाही, दात आहे एवढं कळतं.

ही नस कुठल्या शरदात मेली ते मला नेमकं ठाऊक आहे. साठचं दशक संपत आलं होतं. मी तेरा वर्षांची होते, माझी ताई, सुमन, एकोणीसची. बेहालातच, इथून दोन गल्ल्या पलीकडे, एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. तेव्हा बेहालापर्यंत ट्राम येत असे. आता जिथे मेट्रोचे खांब आहेत तिथे रुळांच्या कडेने गवत उगवायचं आणि पहाटेची पहिली ट्राम वळणावर किंचाळली की बाबा दाढी करायला बसायचे.

बाबा हावड्याला एका कारखान्यात ड्रॉइंग खात्याचे सुपरवायझर होते. तिथे रेल्वेच्या मालडब्यांचे सुटे भाग ओतून तयार व्हायचे. सांगलीहून बाबा आणि त्यांचे मित्र लिमये एकाच गाडीने कलकत्त्याला आले होते. एकाच शाळेतून ड्रॉइंग शिकलेले, एकच वळकटी दोघांत. खिदिरपूरला बंदराच्या कचेरीत जागा निघाल्या तेव्हा दोघांनी अर्ज केले. परीक्षेच्या दिवशी बाबा एकशेतीन तापाने फणफणले होते. लिमयेकाका एकटेच गेले आणि लागले. बाबांनी महिन्याभराने हावड्याची खासगी नोकरी धरली. गंमत अशी की त्या नोकरीत पगार जास्त होता. आमच्याकडे रेडिओ आधी आला. शिवणाचं मशीन आधी आलं. लिमयेकाकू पिशवीत कापड घालून आमच्याकडे शिवायला यायच्या आणि आई त्यांना म्हणायची, "अहो, सावकाश होऊ द्या, मशीन काय पळून जातंय?" त्या तापाची गोष्ट आमच्या घरी विनोद म्हणून सांगितली जायची. बाबा हसत म्हणायचे, "मी तापलो म्हणून वाचलो. नाहीतर फायलींवर शिक्के मारत बसलो असतो."

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीचं विसर्जन झालं आणि पूजोला तीनेक आठवडे उरले होते. कलकत्त्यात हे दिवस बोनसचे. अख्खं शहर बोनसची वाट बघतं. कापडाच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते, चपलांच्या दुकानांबाहेर रांगा लागतात. त्यातल्या एका दिवशी दुपारी दोनच्या सुमारास बाबा घरी आले. मला शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. त्यांनी बूट काढले, मोजे नीट बुटांत कोंबले आणि म्हणाले, "फाटक बंद आहे."

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "कुठलं? रेल्वेचं?"

"कारखान्याचं. नोटीस लावलीय."

"कधी उघडणार?"

"नोटिशीत ते लिहिलेलं नाही."

आईने ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा. तिने निवडणं थांबवलं नाही. मी तिच्याकडे बघत होते, ती रडेल किंवा ओरडेल असं वाटलं म्हणून. तसं काही झालं नाही. आमच्या घरात त्या दिवसापासून जे सुरू झालं त्याला आवाज नव्हता.

रेल्वेची मागणी आटली होती म्हणे. सरकारने मालडबे घेणं कमी केलं होतं. कामगार म्हणत होते, मागणीचं निमित्त आहे, यांना बोनस द्यायचा नाही. मालक म्हणत होते, कामगार काम करू देत नाहीत. त्या काळात कलकत्त्याच्या भिंती अशा वाक्यांनी भरलेल्या असायच्या. खरं काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मी पुढे तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, हुगळीच्या काठचे कारखाने फळ्यावर काढून दाखवले, मागणी आणि पुरवठा हे शब्द मुलांकडून पाठ करून घेतले. त्यात त्या दुपारच्या ताटाविषयी काही नव्हतं.

बाबा रोज जात राहिले. कामगार फाटकाबाहेर ताडपत्री बांधून बसले होते आणि रोजची हजेरी लागायची. आज ना उद्या तडजोड झाली की हजर असलेल्यांना आधी घेतील, असं सगळ्यांना वाटत होतं. एके दिवशी बाबा मलाही घेऊन गेले. का नेलं ते आठवत नाही. घरात बसून मी आईला फार प्रश्न विचारत होते, बहुधा म्हणून. आम्ही बोटीने नदी ओलांडली. पलीकडच्या काठावर काशाचं गवत फुललं होतं, पांढरं, म्हाताऱ्याच्या केसांसारखं मऊ. आभाळ इतकं निळं होतं की त्याच्याकडे बघून राग यावा. फाटकाशी पोचलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं ते म्हणजे इतका मोठा कारखाना आणि आवाज अजिबात नाही. धुराड्यावर एक घार बसली होती.

ताडपत्रीखाली पन्नासेक माणसं होती. काही पत्ते खेळत होती. भट्टीवर काम करणारा एक माणूस टोपलीत शेंगदाणे घेऊन त्याच माणसांना विकत होता आणि कुणी घेत नव्हतं. कामगारांचे पुढारी हरिपददा उठून आले. त्यांनी मला मूठभर चुरमुरे दिले आणि बाबांना थोडं बाजूला नेलं, पण मला ऐकू येत होतं.

"आगाशेबाबू," ते बंगालीत म्हणाले, "तुम्ही रोज येता, बघून वाईट वाटतं. तुम्ही घरी जा."

"हजेरी असते ना."

"हजेरी आमची आहे. तुमचं नाव आमच्या यादीत घालता येत नाही. तुम्ही सुपरवायझर. कायद्याने तुम्ही कामगार नाही."

"मग मी साहेब आहे का?"

हरिपददांनी खाली बघितलं. "साहेब लोकांची दिल्लीच्या कचेरीत सोय झाली, ऐकलंय. तुम्हाला कुणी विचारलं?"

"नाही."

"तेच तर."

परतताना बोटीत मी चुरमुरे खात होते. मला तेव्हा एवढंच समजलं होतं की बाबा कुठल्याच यादीत नाहीत. हरिपददा पुढच्या महिन्यात भातकापणीला मेदिनीपूरला आपल्या गावी गेले. त्यांची तीन बिघे जमीन होती, भाऊ होते, घरी भात होता. ताडपत्रीखालची निम्मी माणसं अशीच गावोगाव पांगली. आम्हाला जायला गाव नव्हतं. सांगलीचं घर चुलत्यांचं होतं आणि त्यांनी पत्रात लिहिलं, "परिस्थिती कळली. ईश्वर सर्व ठीक करील." आमच्याकडे पगार होता, चांगला पगार होता आणि त्या पगाराच्या मागे काहीच उभं नव्हतं. पगार होता तोवर हे कुणाला दिसलं नव्हतं. आम्हालाही नाही.

खालच्या मजल्यावर माशीमा राहायच्या. माशीमा म्हणजे मावशी, बंगालीत कुठल्याही वयस्क बाईला असंच म्हणतात. फाळणीत पूर्व बंगालातल्या बारिसालहून आलेल्या, विधवा, एका मुलाबरोबर. आमच्या शेगडीचा धूर सकाळी उशिरा येतो, एकदाच येतो, हे त्यांनी सगळ्यांत आधी ओळखलं. एका सकाळी त्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि वाटीभर खळ घेऊन वर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. जमिनीवर बसून कागद दुमडला, खळ लावली, तळ वळवला आणि पिशवी तयार करून आईसमोर ठेवली. दुकानदार चुरमुरे, डाळ, मसाला असल्या पिशव्यांत द्यायचे. ठोंगा म्हणतात त्यांना.

आई म्हणाली, "माशीमा, मला नाही जमायचं हे."

"जमेल. आम्ही हे एकदा शिकून बसलोय. तुम्ही नवीन आहात, एवढंच."

"यांना आवडणार नाही."

"ते नसताना करा. पुरुष घरी यायच्या आत खळ वाळते."

आईचं माहेर पुण्याचं, वडील संस्कृतचे शिक्षक. तिने दार लोटून घेतलं आणि करायला बसली. दुपारभर कागदाचा कर्रकर्र आवाज यायचा. दुकानात नेऊन द्यायचं काम माशीमांचा मुलगा करायचा, म्हणजे आमचं नाव निघायचं नाही. बाबांना कळलं होतं. त्यांच्या बाहीला एकदा खळ लागली आणि त्यांनी ती नखाने हळूहळू खरवडून काढली.

पुढच्या रविवारी लिमयेकाका आले. ते खुर्चीत बसेनात, खाली सतरंजीवर बसले. पूर्वी ते असं बसत नसत. बराच वेळ ते टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"अरे, आमचं काय," ते म्हणाले, "आम्हाला बंदर बंद असलं तरी पगार. जहाज येवो न येवो. आमचा पराक्रम काय त्यात?"

बाबा म्हणाले, "तू परीक्षा दिलीस."

"तुला ताप नसता तर तू पहिला आला असतास."

यावर पूर्वी सगळे हसायचे. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मग काकांनी सांगितलं, खिदिरपूरला जहाजांची कामं बघणाऱ्या एका एजंटाच्या कचेरीत मुलगी हवी आहे. इंग्रजी नीट लिहिणारी. टायपिंग ते शिकवतील. "आपल्या सुमनचं इंग्रजी चांगलं आहे. म्हटलं, विचारून बघावं."

ताई बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. रसायनशास्त्र. तिच्या बोटांवर कायम कसले तरी पिवळे डाग असायचे आणि ती ते कौतुकाने बघायची. ती त्या वेळी दारात चहाचे पेले घेऊन उभी होती.

आई म्हणाली, "आणि कॉलेज?"

"पाच-सहा महिन्यांचा प्रश्न आहे, वहिनी. कारखाना उघडला की जाईल परत. कॉलेज कुठे पळून जातंय?"

ताईने पेले खाली ठेवले. "सोमवारपासून जायचं का, काका?"

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी खिडकीकडे. मला वाटतं, तेव्हा कुणी नाही म्हटलं असतं तर तो नकार टिकला असता. कुणी हो म्हटलं असतं तर निदान कुणी तरी ठरवलं असं झालं असतं. पण आई म्हणाली, "चहा घ्या, गार होतोय." आणि सगळ्यांनी पेले उचलले. ताईचं कॉलेज असं सुटलं. अमक्याने सोडवलं असं बोट दाखवायला त्या खोलीत कुणी नव्हतं.

सोमवारी ती आईची जांभळी साडी नेसून ट्रामने गेली. त्या संध्याकाळी परत आल्यावर तिने आपल्या प्रॅक्टिकलच्या वह्या काढल्या आणि आईपुढे ठेवल्या. "हा कागद जाड आहे. पिशव्या टिकतील."

"राहू देत गं. लागतील तुला."

"तेव्हा नवीन घेईन."

आई हात लावेना. तेव्हा ताईने स्वतः टाके उसवले, पानं सुटी केली, सारख्या मापाने दुमडली. आईने त्या पिशव्या केल्या, पण लिहिलेली बाजू आत ठेवून. मी शेजारी बसून खळ ढवळत होते. मला काहीही वाटत नव्हतं. मी खरंच आठवून बघितलंय. माझ्या मनात एवढंच होतं की खळीत गुठळी होऊ द्यायची नाही.

मग पूजो आली. ढाक वाजू लागले. ते ढोल सकाळपासून छातीत वाजतात. मांडवामांडवांतून धुपाचा धूर, लाउडस्पीकर, नवे करकरीत कपडे घातलेली मुलं. अष्टमीच्या आदल्या दिवशी लिमयेकाकू माझ्यासाठी शिवलेला फ्रॉक घेऊन आल्या. निळ्या फुलांचा, गळ्याला झालर. त्यांनी तो आमच्याच मशीनवर शिवला होता, फक्त मशीन आता त्यांच्याकडे होतं. आईने झालर उलटून टाके बघितले आणि म्हणाली, "सुई बदलायला झालीय. ती सोळा नंबरची घ्या." काकूंचे डोळे भरून आले. आईचे नाही. मी फ्रॉक घातला आणि मांडवात गेले. देवीचे मोठाले डोळे माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. मागून कुणी तरी ढकललं तशी पुढे सरकले.

मला कधी कधी वाटतं, गरिबी म्हणजे भूक, असं ज्यांनी लिहिलं त्यांनी ती लांबून पाहिली. आम्ही उपाशी राहिलो नाही. रेशनचा गहू होता, माशीमांच्या दारची पालेभाजी होती. आमचं गेलं ते वेगळं होतं. आईने मंडळाच्या हळदीकुंकवाला जाणं बंद केलं. बाबांनी सांगलीच्या पत्रांना उत्तर देणं बंद केलं. घरात कुणी "पुढच्या वर्षी" हा शब्द वापरेना. आधी हा शब्द सारखा असायचा. पुढच्या वर्षी सांगलीला जाऊ, पुढच्या वर्षी सुमनची परीक्षा झाली की बघू. तो कधी गळून पडला ते कळलं नाही.

फाटक उघडलं ते पुढच्या श्रावणात. तडजोड झाली. कामगारांतले निम्मे परत घेतले. बाबा धुतलेला शर्ट घालून गेले आणि दुपारी परत आले. "ड्रॉइंग खातं आता ठेवणार नाहीत," ते म्हणाले, "ड्रॉइंगं बाहेरून करून आणणार." आईने पान वाढलं. त्यांनी पोटभर जेवण केलं, ताक मागून घेतलं आणि झोपले. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. पुढे हावड्यालाच एका लेथच्या छोट्या दुकानात त्यांनी काम धरलं. तिथे टेबल नव्हतं. ते जमिनीवर बसून खडूने मापं काढून द्यायचे. त्यांची रेघ मात्र शेवटपर्यंत सरळ होती. असं मला त्या दुकानाच्या मालकाने बाबा गेले तेव्हा सांगितलं.

लिमयेकाकांची बदली झाली, बढतीवर, दूरच्या बंदरात. ते गेल्यावर तिथून दर दिवाळीला फराळाचा डबा यायचा. आई तो उघडायची, आम्हाला वाढायची, स्वतः चकली मोडून बघायची आणि ठेवून द्यायची.

आणि ताई. पाच-सहा महिन्यांची ती नोकरी सव्वीस वर्षं चालली. माझी शाळा, माझं कॉलेज, माझी बी.एड.ची फी, बाबांचं आजारपण, आईचा मोतीबिंदू. दोन स्थळं आली होती. एकांनी विचारलं, लग्नानंतर पगार माहेरी देणार का. दुसऱ्यांनी काही विचारलंच नाही, त्यांना पदवीधर मुलगी हवी होती म्हणून त्यांची पत्रंच थांबली. मी शिक्षिका झाले, सरकारी अनुदानाच्या शाळेत. लग्न केलं, मुलगा झाला. मला पेन्शन आहे. ताईची कचेरी जहाजं कमी झाली तशी आक्रसत गेली आणि एका मार्चमध्ये बंद झाली. तिथेही बहुधा नोटीसच लावली असणार. ती घरी येऊन म्हणाली, "उद्यापासून सकाळचा चहा मी करते." माझे यजमान गेले, मुलगा बंगळूरला. आता आम्ही दोघी.

त्या खोलीत मी होते आणि मला कुणी नोकरीला पाठवलं नाही, कारण मी तेराची होते. सहा वर्षांचं अंतर उलटं असतं तर आज कुणाला पेन्शन असती? आई याला नशीब म्हणायची. मी बरीच वर्षं कारणं शोधत होते. एक ताप. रेल्वेची मागणी. कायद्यातला एक शब्द. नसलेलं गाव. दोन मुली, त्यातली एक मोठी. ही कारणं खरी आहेत. पण ती मांडून झाली तरी काही हलत नाही. एकदा मी ताईला विचारलं होतं, "तुला तेव्हा राग नाही आला?"

ती मेथी निवडत होती. "कुणाचा?" ती म्हणाली. तिला खरंच उत्तर हवं होतं.

परवा सकाळी एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मांचा गठ्ठा, घामेजलेली. कुठल्याशा योजनेसाठी वॉर्डातली घरं लिहून घेत होती. बांबूवाल्यांचं ठोकणं चालू होतं, त्यामुळे तिला ओरडून विचारावं लागत होतं. माझं लिहून झालं. मग ताईकडे वळली.

"शिक्षण, माशीमा?"

"बी.एस्सी. दुसरं वर्ष," ताई बंगालीत म्हणाली.

"पास?"

"परीक्षेला बसले नाही."

मुलीने कागदावर पेन फिरवून बघितलं. "असं यात काही नाही. हायर सेकंडरी लिहू?"

"लिही."

"स्वतःचं उत्पन्न? पेन्शन, भाडं, काही?"

"नाही."

"मग निर्भरशील," मुलगी म्हणाली आणि खूण केली. दुसऱ्यावर अवलंबून, असा त्या शब्दाचा अर्थ. "कुणावर? बहिणीवर ना?"

मी पुढे सरसावले. "हे बघ, तसं नाही. हिने आमचं..."

ताईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिची बोटं आता वाकडी झाली आहेत, पण पकड आहे.

"लिहू दे तिला, शकू," ती मराठीत म्हणाली. "अजून अख्खी गल्ली करायचीय तिला."